बाराव्या दिवसाची मोजणी

बद्रीनाथच्या स्कूटरचं स्टँड एका झटक्यात लागलं की बेबीनंदाचा जीव भांड्यात पडायचा. दोनदा घसरून तिसऱ्यांदा लागलं की ती गॅस बारीक करायची, चार वर्षांच्या मयुरीला शेजारच्या गिरिजाबाईंकडं पिटाळायची आणि मगच कडी काढायची. दार उघडता उघडता ती नाकानं हळूच श्वास आत ओढून घ्यायची. आधी बडीशेप यायची, तिच्याखाली वेलदोडा, आणि त्याच्याही खाली तो वास. त्या वासाला तिनं कधी नाव दिलं नव्हतं. डॉक्टरांना ती ‘ॲसिडिटी’ सांगायची, घरमालकिणीला ‘दगदग’, आणि परतूरला माहेरी कुणी विचारलंच तर ‘सीझन चालू आहे ना, फार काम पडतं ह्यांना.’

सीझन होता हे खोटं नव्हतं. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत बद्रीनाथ उगवण चाचणीच्या प्रयोगशाळेचा प्रमुख होता. पेरणीच्या आधीचे चार महिने कपाशीच्या बियांचे लॉट एकामागून एक त्याच्या टेबलावर यायचे. शंभरातलं किती बी उगवणार याचा आकडा लिहून त्यानं सही केल्याशिवाय एक पिशवी गेटबाहेर जात नसे. मंठ्याकडच्या एका खेड्यातून येऊन परभणीला शेतकी पदवी घेतलेला तो त्यांच्या घराण्यातला पहिलाच. नऊ वर्षांच्या नोकरीत एक दिवस त्यानं खाडा केला नव्हता, आणि तोच त्याचा हुकमी पुरावा होता.

“दारुडा कोण असतो, सांगतो तुला,” तो म्हणायचा. “जो कामावर जात न्हाई तो. मी गेलो न्हाई असा एक दिवस दाखव.”

नंदाला तसा दिवस दाखवता येत नसे. कारण तो कामावर जावा म्हणून सकाळी सहापासून तीच झटत असायची.

घरी मोजणी करायचं कधी सुरू झालं तेही तिला नीट आठवत होतं. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, ब्याण्णव साली, तो ओल्या पोत्यात गुंडाळून कागदाच्या आठ सुरळ्या घरी घेऊन आला. “तू बीएस्सी बॉटनी ना? मंग बघ बरं, जमतं का.” चाचणीची रीत साधी होती. जाड ओल्या कागदावर पन्नास बिया ओळीनं मांडायच्या, वर दुसरा कागद घालून सुरळी करायची आणि ती उभी ठेवायची. अशा आठ सुरळ्या, चारशे बिया. बाराव्या दिवशी सुरळी उलगडायची आणि चिमट्यानं एकेक रोप उचलून ढीग लावायचे. चांगली रोपं एकीकडं, मेलेलं बी दुसरीकडं, आणि तिसरा ढीग विकृत रोपांचा. खरी नजर लागते ती याच ढिगाला. वरून रोप हिरवंगार दिसतं, पानं उघडलेली असतात, पण उलटं करून पाहिलं तर मूळ आखूड आणि तपकिरी. कागदात ते बारा दिवस निभावून नेतं. मातीत टिकत नाही. म्हणून नियमानं ते मेलेल्यातच धरायचं.

नंदाला त्या कामाचा आनंद झाला होता, हे खोटं कशाला सांगा. लग्नानंतर ट्रंकेत पडलेली पदवी कुणीतरी बाहेर काढली होती. ओट्यावर स्टीलची तीन ताटं मांडून ती मोजायची, आकडे चिठ्ठीवर लिहायची, तो सही करायचा. चिमटा त्यानं स्वतः का धरायचा नाही, हे तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. सकाळी त्याची बोटं हवेतल्या पानासारखी हलत असत. अकराच्या सुमाराला तो ‘पान खाऊन येतो’ म्हणून गेटबाहेर जायचा आणि मग दुपारपर्यंत हात शहाण्यासारखे वागायचे. हे सगळं तिला माहीत होतं, आणि माहीत नसल्यासारखं तिचं सगळं चाललं होतं.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यातल्या एका सकाळी मयुरी दूध प्यायला बसली. तिनं पेला फरशीवर ठेवला, दोन्ही हातांनी गच्च धरला आणि मान खाली घालून ओठ पेल्याकडं नेले. एक घोट घेतला, थांबली, हात कापतात का ते बघितल्यासारखं बोटांकडं पाहिलं आणि पुन्हा वाकली.

“अगं, असं का पितेस? उचल की पेला.”

“मोठी माणसं असंच पितात,” मयुरी म्हणाली. “सांडत नाही मग.”

आतल्या खोलीत बद्रीनाथचा चहा टीपॉयवर होता. तो दोन्ही हातांनी कप धरून वाकला होता. त्यानं ऐकलं की नाही ते कळलं नाही. नंदानं पोरीच्या हातातला पेला काढून घेतला, मग परत दिला. दिवसभर तिला दुसरं काही सुचलं नाही.

त्याच आठवड्यात कंपनीत ती भानगड झाली. मॅनेजर अण्णासाहेब जुन्या वळणाचे गृहस्थ. प्रयोगशाळेचा आकडा आला तरी प्रत्येक लॉटमधलं शंभर बी ते ऑफिसच्या मागच्या वाफ्यात स्वतःच्या हातानं टोकत आणि रोज सकाळी चष्मा कपाळावर चढवून मोजत. लोक त्यांना मागून हसायचे. संध्याकाळी बद्रीनाथ घरी आला तो बूट न काढता खुर्चीवर बसला.

“म्हातारा म्हणतो, बद्रीनाथ, तुमचा कागद एकोणसत्तर सांगतो आणि माझी माती एक्कावन्न. कोण खोटं बोलून राह्यलंय?”

पासष्टच्या खाली आकडा गेला की लॉट बाद होतो, हे नंदाला पाठ होतं. “मग?”

“मग काय. राखीव नमुन्यातून पुन्हा सुरळ्या लावल्या. त्याच्या केबिनीत राह्यतील. बाराव्या दिवशी त्याच्यासमोर उलगडायच्या, मी मोजायचं. तोवर गाड्या थांबल्या.” तो खुर्चीत पुढं सरकला. “तू असं कर. त्या दिवशी डबा घेऊन ये. एक वाजता तो घरी जेवायला जातो. अर्ध्या तासात होतं तुझं.”

नंदा भिंतीला टेकून उभी होती. कोणता लॉट, हे तिनं विचारलं नव्हतं. विचारायची गरज नव्हती. एप्रिलमधल्या एका रविवारची ती दुपार तिच्या डोळ्यांसमोर होती. बद्रीनाथ आत झोपलेला, ओट्यावर तीन ताटं. चांगल्या रोपांचा आकडा चोपन्न टक्के भरला आणि विकृतांचं ताट शिगोशीग. महिन्यातला बाद होणारा तो तिसरा लॉट असता. साहेब सुरळ्या दाखवायला सांगतील, ह्यांना उत्तर देता यायचं नाही, हात दिसतील. मग तिनं त्या ताटातलं एक रोप उचललं. याचं मूळ बरं आहे तसं. दुसरं उचललं. हेही निघेल कदाचित. असं करत करत तिनं साठ रोपं इकडची तिकडं केली होती. कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं ती घरात जे करत होती तेच तिच्या हातानं ताटात केलं.

“आकडा मी फिरवला,” ती म्हणाली.

“काय?”

“साठ रोपं विकृत होती. मी चांगल्यात टाकली. तुम्हाला कुणी बोलू नये म्हणून.”

बद्रीनाथ उठला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “माझ्या सहीवर जातं ते बी. लोक पेरतात ते. अक्कल कुठं गेल्ती तुझी?”

“तुमच्या हाताबरोबरच गेल्ती.” असं उलट ती आजवर बोलली नव्हती. “मी चुकले. साहेबांनी विचारलं तर मी सांगेन तसं. पण आता मोजणार नाही. डबा घेऊन येणार नाही.”

“नंदा, ऐक. म्हातारा सकाळपासून शेजारी बसणार. मला मधी बाहेर जाता येणार न्हाई. आणि घोट घेतल्याबिगर हात थांबत न्हाई माझा, तुला काय म्हाईत न्हाई का?”

बोलून गेल्यावर दोघांनाही ते ऐकू आलं. गिरिजाबाईंच्या घरातून मयुरीच्या हसण्याचा आवाज येत होता.

“हे तुम्ही बोललात,” नंदा हळू म्हणाली. “मी नाही.”

त्यावर त्यानं बूट काढले. डावा, मग उजवा.

दुसऱ्या दिवशी त्यानं घ्यायची बंद केली. मर्दासारखी, स्वतःच्या जोरावर, कुणाला न सांगता. तिसऱ्या दिवशी अंथरूण घामानं भिजलं, पोटात पाणी ठरेना, भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून तो पुसू लागला. नंदा घाबरून त्याला रिक्षानं दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर तिच्यावरच रागावले. “इतक्या वर्षांची सवय अशी घरी बसून तोडतात का? जिवावर बेतलं असतं. आधी का नाही आणलंत?” डॉक्टरांसमोर ती आज ‘ॲसिडिटी’ म्हणाली नाही. सलाईन लागली, गोळ्या सुरू झाल्या. कंपनीत द्यायच्या रजेच्या अर्जात मात्र तिनं ‘पोटाचा विकार’ असंच लिहिलं. ती सवय काय आठवड्यात जाणार होती?

पाचव्या दिवशी तो घरी आला आणि त्याच दिवशी मंठ्याच्या एसटीनं सासूबाई, साळूबाई, येऊन धडकल्या. लेकाचे कापणारे हात बघून त्यांनी डोळ्याला पदर लावला.

“पोरगं थरथर कापून राह्यलंय आन् तू खुशाल बघून राह्यली? कमावता माणूस हाये. थकतो, घेतो जराशी. त्याचं काय एवढं?”

दुपारी नंदा पाणी भरून आली तर सासूबाई बद्रीनाथच्या उशाशी बसल्या होत्या. पदराची गाठ सोडत होत्या. गाठीत चपटी बाटली होती. बद्रीनाथनं भिंतीकडं तोंड केलं होतं. त्याची पाठ ताठ झाली होती.

“आत्याबाई.”

“घोटभर दिऊ दे गं. माझ्याच्यानं बघवत न्हाई. याचा बाप असाच कापायचा. मी द्यायचे, मंग गप पडून राह्यचा बिचारा.”

नंदा त्यांच्याजवळ जाऊन बसली. ओरडावं असं तिच्या मनात होतं, पण त्या म्हातारीकडं बघून तिला तिची स्वतःची तीन ताटं आठवली.

“मामंजी गेले तेव्हा किती वर्षांचे होते, आत्याबाई?”

साळूबाईंनी बोटं मोजल्यासारखं केलं. “बेचाळीस,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी लेकाच्या पाठीकडं पाहिलं. तो चौतीसचा होता. कितीतरी वेळानं त्यांनी बाटली नंदाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “मोरीत वत. मला दाखवून वत.”

रविवारी सकाळी कंपनीच्या वजनकाट्यावरचे तातेराव आले. साठीला टेकलेला, पान खाणारा, सगळ्यांची टिंगल करणारा माणूस. नंदानं त्यांना एक-दोनदाच पाहिलं होतं. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली आणि चहात बिस्कीट बुडवलं.

“पोटाचा विकार म्हणे, बद्रीसाहेब.”

“हं.”

“मला बी होता. बारा वर्षं. ट्रक काट्यावर आला की मला दोन काटे दिसायचे. ट्रकवाल्याला विचारायचो, कोणता धरू? ते म्हणायचे, हलका धरा. लई खूष होते माझ्यावर.” बद्रीनाथच्या ओठांचा कोपरा हलला. “गुरुवारी संध्याकाळी मी लवकर निघतो, तुम्ही बघितलं असंल. लोकं म्हणतात म्हाताऱ्यानं कुणी ठेवली. शाळेच्या खोलीत आम्ही बसतो, सात-आठ जण. भाषण न्हाई, भजन न्हाई. एकेकानं उठून आपलं सांगायचं. चहा मिळतो, तो बी फिका.”

“मी तसा न्हाई, तातेराव. मला फक्त हे बारा दिवस काढायचेत.”

“बराबर. आम्ही तर एकच दिवस काढतो. आजचा.” ते उठले. नंदाला म्हणाले, “वहिनी, तुम्ही त्यांच्या बाटल्या शोधत बसू नका. तुमची तुम्ही झोप काढा.”

गुरुवारी बद्रीनाथ गेला. परत आला तेव्हा स्टँड एका झटक्यात लागलं. जेवताना तो म्हणाला, “एक प्रोफेसर होता तिथं. अन् एक कंडक्टर. मी शेवटी बोललो. दोनच वाक्यं.”

बाराव्या दिवशी शर्टाची बटणं लावता लावता तो म्हणाला, “तू चल.”

“मी सांगितलंय तुम्हाला...”

“हात लावू नको. नुसती बस.”

अण्णासाहेबांच्या केबिनमध्ये टेबलावर पांढरा कागद अंथरला होता. नंदा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. साहेबांनी चष्मा पुसला, तिच्याकडं बघून काही विचारावं तेवढ्यात बद्रीनाथ म्हणाला, “साहेब, मोजायच्या आधी एक सांगायचंय.”

“सांगा.”

त्यानं दोन्ही हात टेबलावर, साहेबांसमोर ठेवले. ते थरथरत होते, पहिल्याइतके नाही, पण दिसण्याइतके.

“हे पोटाच्या विकाराचं न्हाई. मी दारू पितो. पीत होतो, आजचा अकरावा दिवस आहे. दोन वर्षं झाली, मी एकही लॉट स्वतः मोजला न्हाई. घरी मोजून आणायचो. सही माझी होती, म्हणून चूकही माझीच.”

“त्या लॉटची साठ रोपं मी फिरवली,” नंदा स्टुलावरून म्हणाली.

बाहेर कुठंतरी बी साफ करायचं यंत्र खडखडत होतं. अण्णासाहेबांनी चिमटा उचलून बद्रीनाथपुढं ठेवला. “आधी मोजा.”

जे काम नंदाचं अर्ध्या तासाचं होतं त्यासाठी बद्रीनाथला तीन तास लागले. पहिल्या सुरळीतच चिमट्यातून रोप दोनदा निसटलं. डाव्या हातानं तो उजवं मनगट धरायचा, रोप उचलायचा, उजेडाकडं उलटं करून मुळाकडं बघायचा आणि मग ठेवायचा. घाम टिपायला थांबायचा. त्याची नजर मात्र पक्की होती. कोणत्या रोपाचं काय, हे तिच्याआधी त्याला कळत होतं. नंदाची बोटं पदराखाली आपोआप हलत होती. सहाव्या सुरळीत एक रोप आलं, लांब, टवटवीत, मूळ जरासंच आखूड. हे चांगल्यात टाका, असं तिच्या अगदी ओठावर आलं. त्यानं ते विकृतांच्या ढिगात ठेवलं.

“चोपन्न,” शेवटी तो म्हणाला. आधीच्या आकड्यावर त्यानं रेघ मारली, नवा लिहिला. अक्षर वाकडं आलं, पण त्याचं स्वतःचं होतं.

अण्णासाहेबांनी खाली सही केली. “लॉट बाद. बियाणं गेटबाहेर गेलेलं नाही, हे तुमचं नशीब. दोन वर्षांतल्या बाकीच्या लॉटचे राखीव नमुने मी तपासून घेणार. तुम्ही उद्यापासून गोदामात. प्रयोगशाळेची किल्ली इथं ठेवा.” बद्रीनाथनं किल्ली ठेवली. “आणि बद्रीनाथ, वाफ्यात बी टोकायला मला सकाळी एक माणूस पाहिजे असतो. मातीत चिमटा लागत नाही.”

घरी येताना स्कूटरवर चौकात तो म्हणाला, “गेलं सगळं.” ती म्हणाली, “हो.” आणि तिला अनेक महिन्यांनी भूक लागल्यासारखं वाटलं.

पुढचं सरळ झालं असं नाही. दिवाळीत बद्रीनाथ एकदा घसरला, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तो तातेरावांच्या दारात जाऊन बसला. नंदानं त्या दोन दिवसांत कुणाला ‘ॲसिडिटी’ सांगितलं नाही. गिरिजाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, “पुन्हा घेतली ह्यांनी.” जीभ भाजल्यासारखी झाली, पण बोलली. गोदामात पिशव्या मोजता मोजता त्याला दीड वर्ष झालं. रोज सकाळी साहेबांबरोबर तो वाफ्यात वाकायचा. जुन्या लॉटमधला आणखी एक कमी निघाला, त्याचं लेखी उत्तर त्यानं स्वतः लिहून दिलं. मग शहाण्णवच्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो आला तेव्हा त्याच्या हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेली सुरळी होती.

नंदा दारातच आखडली. “हे कशाला आणलंत?”

“किल्ली दिली आज म्हाताऱ्यानं. मोजून झालंय गं. तुझ्यासाठी न्हाई, मयुरीला दाखवायला.”

तरीही ती दारातून हलली नाही. त्याला ते ठाऊक होतं. त्यानं तोंड पुढं केलं आणि श्वास सोडला. रोज तसाच सोडायचा, चिडत नसे. बडीशेप नव्हती, वेलदोडा नव्हता. उन्हाचा, पोत्याचा वास होता. ती बाजूला झाली.

ओट्यावर सुरळी उलगडली. मयुरी स्टुलावर चढून बघत होती. तिनं एक रोप उचललं, हिरवंगार, उंच. “हे सगळ्यात छान.”

“उलटं करून बघ,” बद्रीनाथ म्हणाला.

तिनं उलटं केलं. टोकाशी तपकिरी ठिपका होता. “मग हे कुठं ठेवू?”

नंदाचा हात पुढं झाला होता. चांगल्या ढिगाकडं, सवयीनं. तिनं तो मागं घेतला आणि गॅसवरचा चहा गाळायला वळली. मागं बद्रीनाथ लेकीला समजावत होता, विकृत म्हणजे काय, माती आणि कागद यात फरक काय. तिनं कप भरून त्याच्यासमोर ठेवला आणि त्याच्या हाताकडं बघत उभी राहिली.

त्यानं एका हातानं कप उचलला. थोडा हिंदकळला, बशीत चार थेंब सांडले.

“सांडलं,” मयुरी म्हणाली.

“सांडू दे,” नंदा म्हणाली, आणि फडकं आणायला गेली नाही.